तुझ्या आईला पाठवलेला निरोप

आचा, गेल्या रविवारी तुझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून आम्ही तुझ्या आईला एक खोटा निरोप पाठवला. आम्ही म्हणजे तुझा मुलगा दिलशात आणि मी. शब्द माझे होते, त्यानं फक्त ते तुमच्या भाषेत सांगितले. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पण लगेच तिथे येत नाही. तू मला नेहमी टोकायचीस, की मी कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगते, ऑफिसातल्या रिपोर्टसारखी, आणि मग ऐकणाऱ्याला माणसंच दिसत नाहीत. तर या वेळी तुझ्या पद्धतीनं सांगते.

आम्ही इथे नेदरलँड्समध्ये, बुइटनव्हेल्डर्टच्या त्या इमारतीत राहायला आलो तेव्हा यशू दोन वर्षांची होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तू तळमजल्यावर. तुझ्या दाराशी लहान मुलांच्या बुटांची रांग असायची. तू घरी मुलं सांभाळतेस हे समजल्यावर मी सुमेधला म्हटलं, एकदा विचारून तर बघू. आमच्या दोघांच्याही नोकऱ्या झुइडासला, सायकलनं दहा मिनिटांवर, पण परत यायची वेळ कधीच आमच्या हातात नसायची. तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस, खाली वाकून यशूला म्हणालीस, "बालाम." मला ऐकू आलं 'बाळा'. मला वाटलं बाई मराठी आहे की काय. तू हसलीस आणि सांगितलंस की तुमच्या उइगुरमध्येही मूल म्हणजे 'बाला'. मी तुला काय म्हणू, असं विचारलं. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण तुझ्यापुढे नाव जिभेवर येईना. तू म्हणालीस, "आचा म्हण. मोठी बहीण."

आपण दोघी डचमध्ये बोलायचो. तुझं डच वीसेक वर्षं मुरलेलं, माझं ऑफिसनं लावून दिलेल्या कोर्समधलं, जेमतेम. आज मी हाउसआर्ट्स डॉक्टरकडे जाऊन आपलं दुखणं नीट सांगू शकते किंवा गेमेन्टेच्या कचेरीत खिडकीवर वाद घालू शकते, ते तुझ्यामुळे. संध्याकाळी मी यशूला घ्यायला यायचे, तू चहा पुढे करायचीस आणि आपला तो शब्दांचा खेळ सुरू व्हायचा. तू 'हवा' म्हणायचीस, मी म्हणायचे आमच्याकडेही हवाच. बाजार, मेवा, तयार, सगळं सारखं. 'दर्या'वर आपण अडलो होतो. तुझा दर्या म्हणजे नदी, माझा म्हणजे समुद्र. तू म्हणालीस, ज्यांच्याकडे समुद्र नाही त्यांनी नदीलाच ते नाव दिलं असेल. यशूचं नाव ऐकून तू थबकली होतीस. तुमच्याकडे 'याश' म्हणजे वय, आणि 'याश' म्हणजे डोळ्यातलं पाणीही. मी म्हटलं, आमच्याकडे यश म्हणजे जिंकणं. तू तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणालीस, तिला तिन्ही मिळतील.

तू तिकडे तुमच्या गुलजा शहरातल्या शाळेत उइगुर भाषा आणि साहित्य शिकवायचीस, हे मला वर्षभरानं कळलं. तेही दिलशातनं सांगितलं म्हणून. तुझे तास आधी कमी झाले, मग तो विषयच शाळेतून जाणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा नवऱ्यानं इथे यायचं ठरवलं. तो पुढे हृदयविकारानं गेला. तू आणि दिलशात राहिलात. आईवडील, धाकटा भाऊ, सगळे तिकडेच. आधी आठवड्याला फोन व्हायचा. मग आईनंच एकदा तिच्या पद्धतीनं सुचवलं की आता करू नकोस, आणि त्यानंतर तो नंबर लागेनासाच झाला. भावाला पकडून नेल्याचं तुला तिसऱ्याच कुणाकडून कळलं. हे तू मला एका वाक्यात सांगितलंस, आणि पुढच्या वाक्यात विचारलंस की यशूला डाळिंब चालतं का.

माझ्या आईचा फोन रोज यायचा. अकोल्यात रात्रीचं जेवण आटोपून ती मला फोन लावायची, तेव्हा इथे माझ्या घरी परतायची वेळ. कधी मी तुझ्याच टेबलाशी असायचे. स्क्रीनवर 'आई' यायचं आणि मी फोन पालथा करायचे, घरी गेल्यावर बोलू म्हणून. तू दोनतीनदा पाहिलंस. एक दिवस म्हणालीस, "उचल. मी इथून जाते हवं तर." मी म्हटलं, जायचं कशाला, तुला कुठे मराठी कळतं. तू बसलीस. त्यानंतर तो तुझा नेमच झाला. मी फोन स्पीकरवर ठेवायचे आणि तू गाजराच्या सळ्या कापत माझ्या आईचं बोलणं ऐकायचीस. अंगणातलं मांजर, शेजारणीची सून, गुडघेदुखी. तुला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तुला फक्त एक आई मुलीवर करवादते आहे हे ऐकायचं होतं.

आईलाही तुझी सवय झाली. "आचा हाय काय तिथं? तिले म्हना जेवून घे." मग तू तुझ्या भाषेत काहीतरी लांबलचक उत्तर द्यायचीस, आई तिच्या वऱ्हाडीत आणखी काही सांगायची, आणि तुम्हा दोघींचं मिनिटभर छान चालायचं. मधे मी उगाच. तू 'जेवली काय' हुबेहूब म्हणायला शिकलीस. यशू हसून हसून लोळायची.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. एकदा मी फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "तुझी आई एका सुरात बोलते आणि तू दुसऱ्या. तुम्ही दोघी एकच भाषा बोलता ना?" मराठीचा गंध नसताना तुझ्या कानांनी ते टिपलं होतं. मी तुला सांगितलं की हो, भाषा एकच, पण मी पुण्याची बोलते आणि आई घरची. इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा होस्टेलवर मी 'मले' म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण वर्षभरात माझं 'मले' गेलं ते गेलंच. आता आईशी बोलतानाही येत नाही, तोंड वळत नाही.

तू म्हणालीस, "आणि यशूला तर तीही येत नाही."

ते खरंच होतं. यशूला मराठी कळते, उत्तर मात्र डचमध्ये येतं, फार तर इंग्रजीत. मी चिडले. तुला म्हटलं, तुझं वेगळं आहे. तुझी भाषा तुझ्याकडून काढून घेतली, म्हणून ती तुला सोन्यासारखी. माझ्या आजोबांना ज्या गावानं वेशीबाहेर ठेवलं, ते गाव मराठीच बोलत होतं. आम्हाला विहिरीवरून हाकललं तेही मराठीतच. इंग्रजी शिकलो म्हणून आमची माणसं बाहेर पडली. माझ्या घरात शिक्षणाला मान आहे, भाषेच्या अभिमानाला नाही. मुलीनं कुठल्या भाषेत उत्तर द्यावं याचा हट्ट मी कुणाच्या वतीनं धरू?

 तुला हे कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. मग म्हणालीस, "तर मग गावाची शिकवू नकोस. तुझ्या आईची शिकव."

"तिलाच तर हसले होते सगळे."

"म्हणून तर."

मला राग आला तो तुझ्या त्या दोन शब्दांचा. इतकं सोपं नसतं आचा, असं मी म्हणाले आणि यशूचं दप्तर उचलून निघून आले. नंतर वर्षभर आपण हा वाद घालत राहिलो, कधी गमतीत, कधी खरोखर. कुणी जिंकलं नाही. तुझ्या आजारपणात मी तो विषय काढला नाही, आणि तूही नाहीस. आजही मला वाटतं की माझं चुकलेलं नव्हतं, आणि तुझंही नव्हतं. हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आता तुझ्या वडिलांचं लिहिते. तू रॉटरडॅमला कुणाच्या तरी लग्नाला गेली होतीस. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, मी खाली आले, तर तू नेहमीसारखी गाजरं कापत होतीस, पण सुरी फार जोरात चालली होती. लग्नात एका ओळखीच्या बाईनं तुझा हात हातात घेऊन म्हटलं होतं की तुझ्या वडिलांना जन्नत लाभो. तुला कळलंच नाही. तू हसून 'रहमत' म्हणून तिचे आभार मानलेस. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून तुला कळलं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. इथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तुला त्रास नको म्हणून सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं होतं.

तू रडली नाहीस. म्हणालीस, "दोन वर्षं मी रोज त्यांच्या तब्येतीसाठी दुआ मागत होते. मेलेल्या माणसाच्या तब्येतीसाठी. लोकांना वाटलं ते दया करताहेत. त्यांनी मला मूर्ख करून ठेवलं." आणि थोड्या वेळानं, सुरी बाजूला ठेवून, "यापुढे माझ्यापासून कुणी मरण लपवलं तर मी त्याचं तोंड बघणार नाही. दिलशातलाही सांगितलंय."

त्या दिवशी तू आणखी एक बोललीस. म्हणालीस, तुला कशाची लाज वाटत असेल तर ती झोपेची. भाऊ कुठे आहे माहीत नाही, आई कशी आहे माहीत नाही, आणि अंथरुणाला पाठ टेकली की तुला गाढ झोप लागते. सकाळी उठून अंग हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटते. मी काहीतरी बोलले, स्वतःला दोष देऊ नकोस असलं काहीतरी. माझ्या आईचा फोन त्या संध्याकाळीही आला होता.

तुझा आजार कळला तो उशिरा. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तू मला सांगितलंस ते मुलांच्या पालकांना सूचना देतात तसं, की पुढच्या महिन्यापासून दुसरी सोय बघ. मी तुझ्यापुढे रडले आणि तूच मला पाणी दिलंस. यशू शाळा सुटली की तरीही तुझ्याकडे यायची. आता ती तुला सांभाळते असं तिचं म्हणणं होतं. तुम्ही दोघी काय बोलता याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. बाकीच्या मुलांशी तू डचच बोलायचीस. पण ती घरोघरी गेल्यावर, मला उशीर होतोय म्हणून यशू एकटी तुझ्याजवळ राहिली की, तू तुझ्या भाषेत शिरायचीस. आणि मला रोजच उशीर व्हायचा. सात वर्षांत यशू त्या भाषेत किती आत गेली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

ते कळलं हॉस्पिसमध्ये. नर्सचा मला ऑफिसात फोन आला. तुझं डच गेलं होतं. औषधांनी म्हण किंवा आजारानं, पण इथे येऊन शिकलेलं सगळं एकेक करून उतरून गेलं आणि तू फक्त उइगुर बोलत होतीस. तू काय मागतेस ते कुणाला कळत नव्हतं आणि तू अस्वस्थ होतीस. दिलशात युट्रेख्टहून निघाला होता, पण गाडी रद्द झाली म्हणून मधेच अडकला होता. मी सायकल काढली, यशूला शाळेतून घेतलं आणि आम्ही दोघी आलो.

तुझे ओठ कोरडे पडले होते. तू काहीतरी म्हणालीस, आणि यशू लगेच नर्सकडे वळून म्हणाली, तिला पाणी हवंय. पुन्हा काही म्हणालीस. यशू म्हणाली, खिडकी उघडा. नर्सनं खिडकी उघडली. तुझा चेहरा निवला. मी दाराशी उभी होते. त्या खोलीत तुझी भाषा येणारं एकच माणूस होतं आणि ते नऊ वर्षांचं होतं. मला तर आभाराचं 'रहमत' आणि जातानाचं 'खोश' याच्या पुढे काही येत नव्हतं. तू माझ्या आईचं बोलणं न कळता रोज ऐकत बसलीस, आणि मी तुझ्या टेबलाशी इतकी वर्षं बसून तुझं पाणीसुद्धा शिकले नाही. मान खाली गेली माझी.

मग तू डोळे उघडलेस आणि यशूकडे पाहून विचारलंस, "अपाम केल्दिमु?" यशू माझ्याकडे वळून डचमध्ये कुजबुजली, "ती विचारते, माझी आई आली का."  यशूनं माझी वाट पाहिली नाही. तुझा हात धरून ती म्हणाली, "योल्दा."

वाटेत आहे.

तू डोळे मिटलेस. दिलशात संध्याकाळी पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. तो जवळ होता, हे तुला माहीत असेलच.

दफन झालं त्या दिवशी वारा फार होता. आम्ही बायका जरा लांब उभ्या होतो. यशूला न्यावं की नाही यावर माझं नि सुमेधचं बोलणं झालं, पण तिनंच बूट घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. ती रडली नाही. परत येताना ट्रॅममध्ये तिनं मला विचारलं, आता आचाच्या आईला कोण सांगणार? मी म्हटलं, दिलशात बघेल. मला तेव्हा वाटलं, सांगायला माणूसच कुठे आहे.

तो माणूस रविवारी स्वतःच दाराशी आला.

सातव्या दिवसाचा नजीर, तुझ्या नावाचं जेवण, तुझ्याच घरी ठेवला होता. पुरुष बाहेरच्या खोलीत कुराण वाचत होते, आम्ही आत पोलोच्या भाताची तयारी करत होतो. मी गाजरं कापायला घेतली तर त्या बायकांनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली, मी सळ्या जाड कापत होते. तेवढ्यात एक पन्नाशीची बाई आली. डोक्याला निळा रुमाल, हातात मिठाईचा डबा. घरात इतकी माणसं बघून तिला वाटलं काही शुभकार्य आहे. हसत हसत तिनं तुझं नाव घेतलं, हवागुल कुठे आहे म्हणून.  मग कुणीतरी सांगितलं, आणि ती दारातच, बुटांच्या ढिगाशेजारी खाली बसली.

तिचं नाव साबिरा. सीमेपलीकडे अल्माटीला राहते, तिथली नागरिक आहे, म्हणून तिला गुलजाला जाता येतं. तिची बहीण तुमच्या गल्लीत दिली आहे. लेक इथे नेदरलँड्समध्ये शिकते, तिला भेटायला आली होती. तिनं दिलशातला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यानं मला थांबायला सांगितलं. ती सांगत गेली आणि तो हळूहळू डचमध्ये मला सांगत गेला.

आचा, तुझी आई आहे. पार वाकलीय, एका कानानं ऐकू येत नाही, तुझ्या भावजयीजवळ राहते. भाऊ अजून परत आलेला नाही. साबिरा बहिणीकडे गेली होती तेव्हा तुझी आई उसना नेलेला वाडगा परत द्यायला आली. बहीण आत गेली तेवढ्यात ती साबिराच्या कानाशी येऊन म्हणाली, "तू तिकडे जातेस म्हणे. माझी मुलगी तिथे आहे. बघून ये आणि मला सांग, कशी आहे." एवढंच. बहीण बाहेर आली तेव्हा ती वाडग्याबद्दल बोलत होती.

साबिरा मंगळवारी परत निघणार होती आणि तिथून भाच्याच्या लग्नाला गुलजाला. ती म्हणाली, मी कागद नेणार नाही, फोटो नाही, फोनमध्ये काही नाही. तोंडात राहील तेवढंच नेईन. काय सांगू तिला?

दिलशात ओट्याला धरून उभा होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू सांग. तू तिच्याजवळ रोज बसायचीस."

तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं. तू ज्या ओट्याशी मला ते सांगितलंस त्याच ओट्याशी आम्ही उभे होतो. मला डोळ्यांपुढे ती वाडगा घेऊन उभी असलेली म्हातारी दिसली. तिला परदेशातल्या मुलीसाठी मोठ्यानं रडतासुद्धा येणार नाही, शेजारीपाजारी विचारतील की बातमी आली कुठून. असं सगळं माझ्या मनात आलं. की ते मी नंतर रचलं, आता सांगता येत नाही. मी म्हणाले, "सांगा, ती बरी आहे."

दिलशातनं ते त्या क्षणी तुमच्या भाषेत केलं. जणू मी बोलायची वाटच पाहत होता. साबिरानं सुटल्यासारखा श्वास घेतला आणि तो निरोप स्वतःशी दोनदा म्हणून पाहिला. मग आम्ही बाहेर आलो, तिला पोलो वाढला, आणि ती तुझ्या नजीरचं जेवून, तुला दुआ देऊन गेली.

मंगळवारी ती गेली. बुधवारी माझ्या आईचा फोन आला. तू गेल्याचं तिला मी आधीच कळवलं होतं, पण तिला राहवत नव्हतं. ती म्हणाली, "त्या आचाच्या मायले कोनी सांगतलं काय?" मी तिला सगळं सांगितलं, साबिरा, वाडगा, आणि मी काय बोलले तेही. मला वाटत होतं ती म्हणेल, बरं केलंस बाई, म्हातारीला कशाला जाळायचं. मला बहुतेक तेच ऐकायचं होतं.

आईनं तसं काही म्हटलं नाही. 

"तुले तिकडे काई झालं," ती म्हणाली, "त मले असं नोको करजो. मले सांगा म्हना. मी रडन, मरन, मायं मी पाहीन. पन पोरगी गेली अन् मी तिची वाट पाहून राह्यली, असं मले येड्यावानी नोको ठेवजो."

 मी फोन ठेवला आणि दिलशातला लावला. त्याला म्हटलं, आपलं चुकलं, साबिराला कसंही करून गाठायला हवं. तुला हे कधी चाललं नसतं, तुझ्या वडिलांच्या वेळी काय झालं ते त्यालाही ठाऊक होतं, हेही म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा आवाज अगदी तुझ्यासारखा शांत होता.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती माझ्याशी पुन्हा बोलली नसती. पण जगात एक तरी जागा असू दे ना, जिथे माझी आई अजून आहे."



साबिरा आता पोचली असेल. लग्नघरातल्या गडबडीत कुठेतरी दोघींना क्षणभर एकांत मिळाला असेल आणि तिनं तुझ्या आईच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन निरोप दिला असेल. इतक्या वर्षांनी तिला तुझी खबर मिळाली. ती आज हलक्या पावलांनी घरी गेली असेल, रात्री दुआ मागताना तुझं नाव घेईल, तुझ्या तब्येतीसाठी. हे मी केलं आहे, आचा. तुझी आई आज सुखात आहे, आणि त्या सुखाची मला लाज वाटते.